मजकुरातलं मीठ

परभणीच्या तहसील कचेरीच्या कंपाउंडात, कडुनिंबाखाली एक डुगडुगतं टेबल आहे. त्याच्या एका पायाखाली गेली कित्येक वर्षं तीच विटेची कपची आहे, आणि टेबलामागं गेली बत्तीस वर्षं तेच बन्सीधरराव आहेत. ते अर्जनवीस. म्हणजे ज्याला सरकारकडं काही मागायचंय पण कसं मागायचं ते कळत नाही, त्याच्या वतीनं कागदावर मागून देणारा माणूस. आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दूत अर्ज लिहायचे, वडील निम्म्या उर्दूत आणि निम्म्या मराठीत, आणि बन्सीधरराव अस्सल मराठीत. सरकारं बदलली, साहेब बदलले, फॉर्म ऑनलाइन झाले. पण शेजारच्या सेवा केंद्रात बटणं दाबणारेसुद्धा मजकूर अडला की माणसाला कडुनिंबाखाली पाठवून देतात.

रोज सकाळी पिंगळीहून गाडीनं यायचं, टेबलावरची पानं झटकायची, दोन पेनं आणि शाईचा डबा मांडायचा, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत कालचा पेपर वाचायचा. अक्षर असं, की नवीन आलेले तहसीलदारसुद्धा अर्ज हातात घेतला की आधी विचारायचे, हे कुणी लिहिलं? बन्सीधररावांना तेवढं पुरायचं.

त्यांच्या प्रत्येक अर्जात 'मी' असायचा, आणि तो 'मी' कधीच बन्सीधरराव नसायचे. मी विधवा, मी अपंग, मी भूमिहीन, मी खाली सही करणारी. दिवसातनं आठ-दहा वेळा दुसऱ्याच्या अंगात शिरायचं, त्याचं दुःख त्याच्यापेक्षा बरं मांडायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं पुन्हा आपल्या अंगात परत यायचं. हे काम सोपं नाही, पण करणाऱ्याला त्याची सवय होते आणि सवय झाली की त्यातलं काय चुकतंय ते दिसत नाही.

चुकायचं ते असं. नुसत्या खऱ्याला चव नसते, मजकुरात मीठ लागतंच, असं बन्सीधररावांचं ठाम मत. ज्याला दोन आजार आहेत त्याला चार लिहायचे. ज्याचा भाऊ बोलत नाही, त्याला भाऊच नाही असं लिहायचं. यात फसवाफसवी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण वाचणारा साहेबही काही कालचा नसतो. लिहिणारा वाढवतो, वाचणारा तेवढंच वजा करतो, आणि उरेल त्यावर सही होते. दोन्हीकडच्यांना रीत माहीत. खोटं कुणीच बोलत नाही, फक्त खरं कुणी लिहीत नाही.

बायनाबाईचंच घ्या. पूर्णेकडची म्हातारी, निराधार योजनेच्या महिन्याच्या पगारासाठी आलेली. बन्सीधररावांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"म्या, बाळू, त्याची बायकू."

"बाळू बघतो का तुमाला?"

"आवं, लय चांगला हाय वो लेक. रेल्वेत रोजानं जातो. दोन टायम भाकर देतो."

बन्सीधररावांनी पेन उचललं आणि सुबक अक्षरात लिहिलं, की माझा एकुलता एक मुलगा मला विचारत नसून मी उघड्यावर पडले आहे. वाचून दाखवलं तेव्हा म्हातारी कागदाकडं बघत राहिली.

"पर त्यो विचारतो की."

"आजी, चांगला मुलगा असलेल्याला सरकार कशाला देईल? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणा अंगठा."

अंगठा उमटला. म्हातारी पदरानं शाई पुसत गेली, आणि वाटेत तिनं दोनदा मागं वळून बघितलं.

आता राजेश्रीबद्दल. बन्सीधररावांची एकुलती एक मुलगी. अभ्यासाला शांत जागा घरात नव्हती म्हणून शाळा सुटल्यावर ती त्या कडुनिंबाखालीच बसायची, आणि बापाचे अर्ज ऐकत वाढली. ती वकील झाली यात नवल नव्हतं. परभणीतच कायदा शिकली, सनद घेतली, वर्षभर एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली फायली वाहिल्या आणि तारखा मागितल्या. पण तिचा ओढा करारमदारांकडं होता. दोन कंपन्यांमधला करार कसा बांधतात, कुठल्या कलमात कोण अडकतं, यात तिला असा रस वाटायचा जसा दुसऱ्या मुलींना मालिकेत. आणि ते काम परभणीत नव्हतं. ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये होतं, आणि तिथं शिरायचं दार एकच, शिकाऊ वकील म्हणून. एक वर्ष शिकवतात, आणि टिकलात तर ठेवून घेतात. पंचवीस पूर्ण झाली की तेही दार बंद होतं. राजेश्रीला नुकतीच चोवीस पूर्ण झाली होती.

तिनं अर्ज करायला सुरुवात केली, तेव्हा बन्सीधररावांना आनंदच झाला. म्हटलं, चला, हा तर आपला धंदा. पण पहिल्याच फॉर्मनं त्यांना बाजूला सारलं. सगळं इंग्रजीत. नाव, गाव, शिक्षण, मग तीनशे शब्द, की तुम्हाला आमचीच फर्म का हवी. कॉलेज लिहायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं, आणि त्या भल्यामोठ्या यादीत राजेश्रीचं कॉलेजच नव्हतं. शेवटी एक शब्द होता, इतर. ती दर वेळी 'इतर' निवडायची.

"इतर म्हणजे काय?" बन्सीधररावांनी विचारलं.

"म्हणजे आपण, आबा."

फॉर्म गेला की ऑनलाइन परीक्षा यायची. पिंगळीत नेट चालायचं तर लाईट नसायची, लाईट असली तर नेट रुसायचं. एका परीक्षेत चाळिसातले अठ्ठावीस प्रश्न झाले आणि स्क्रीन पांढरी झाली ती झालीच. मग ती परभणीत वकीलसाहेबांच्या ऑफिसात, सगळे जेवायला गेले की कोपऱ्यात बसून परीक्षा द्यायची. उत्तरं यायची ती अशी, की आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत, परंतु. बहुतेक वेळा तेवढंही यायचं नाही. आठ महिन्यांत तिनं बत्तीस फर्मना अर्ज केले. सुरुवातीला प्रत्येक नकार आला की ती आईला सांगायची. नंतर सांगेनाशी झाली, आणि तिची आई विमलाबाई तिच्या ताटातल्या उरलेल्या भाकरीवरून ओळखायला शिकल्या.

एकदा ओसरीवर लॅपटॉप मांडून ती म्हणाली, "आबा, ह्यांच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतोय. वरील सर्व माहिती खरी आहे. त्यावर खूण केल्याबिगर फॉर्म जातच नाही."

बन्सीधरराव हसले. "आमच्याबी अर्जाखाली तेच असतंय की. वरील मजकूर खरा आहे. बत्तीस वर्षं लिहायलोय."

"हे लोक तपासतात, आबा."

"साहेब लोक सगळीकडं सारखेच असतेत."

ती पुढचा फॉर्म भरायला लागली. बोलायला हवं होतं, असं नंतर तिला फार वाटलं.

ज्या दिवशी एकतिसावा अर्जही वाया गेला, त्याच दिवशी दुपारी बायनाबाई कडुनिंबाखाली उभी राहिली. पगार मंजूर झाला होता. तिनं फडक्यात बांधून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. "तुमच्या हाताला यश हाय, दादा," ती म्हणाली. "तुमच्या लेकराचं बी असंच भलं हुईल." बन्सीधरराव त्या शेंगांकडं बघत बसले. जगाचं भलं करणारा हा हात, आणि घरातली पोर एकतीस अर्ज वाया घालवून बसली होती, कारण ते अर्ज तिनं स्वतः लिहिले होते. कोरडे, इंग्रजीत, मिठाचा खडा न टाकता.

अजून एका फर्मचं उत्तर यायचं होतं. पुण्याची, मोठी, राजेश्रीच्या मनातली पहिली. तिथली परीक्षा चांगली गेली होती. बन्सीधररावांनी तिच्या वहीतून पत्ता उतरवून घेतला, उरलेली गिऱ्हाइकं दुसऱ्या टेबलाकडं लावून दिली, आणि ठेवणीतला जाड कागद काढला.

त्या दिवशी त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं. 'मी अर्जदार राजेश्री, राहणार पिंगळी, विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझे वडील तीन वर्षांपूर्वी दुर्धर आजाराने मयत झाले असून आई दृष्टिहीन आहे. घरात कर्ता पुरुष नाही. पाठच्या दोन बहिणींची जबाबदारी माझ्यावर आहे.' स्वतःच्या मरणाची ओळ लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही. मयत हा शब्द त्यांनी आयुष्यात हजारदा लिहिला होता. पण एवढंच नव्हतं, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिथं बाकीच्या पोरांचे बाप जज्ज असतील, मोठे वकील असतील. आपल्यासारखा बाप लिहिण्यापेक्षा नसलेला बरा, असं त्यांना मनापासून वाटलं. नाहीतरी या आठ महिन्यांत ते असून नसल्यासारखेच होते.

खाली सही पाहिजे होती. गिऱ्हाईक सही करायचं विसरून गेलं तर त्याला सेलूहून परत कोण बोलावतं? ते स्वतःच करून टाकायचे. तशीच त्यांनी पोरीची केली. राजेश्री. पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं, पोचपावतीसह. अर्जामागं माणूस नसला तरी पावती पाहिजे, हा त्यांचा दुसरा नियम.

आठव्या दिवशी फर्मच्या शिक्क्याची पावती परत आली. नवव्या दिवशी राजेश्रीला मुलाखतीचं बोलावणं आलं.

आता तुम्हीच सांगा, बन्सीधररावांनी काय समजायचं? परीक्षेत ती वरच्या दहांत होती, म्हणून बोलावलं होतं. पाकीट तर तेव्हा फर्मच्या टपाल विभागाच्या टोपलीत, न उघडता पडून होतं. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी पावती पंचांगात दडवली. पोर नोकरीवर रुजू होईल त्या दिवशी ती तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायचं, बघ, बापाचा हात. त्या एका वाक्यावर ते पुढचे पाच आठवडे जगले.

राजेश्री एकटीच पुण्याला जाऊन आली. परतल्यावर तिचा चेहरा बघून विमलाबाईंनी आधी देवापुढं साखर ठेवली. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं होतं, की करार लिहायचा ओढा कुठून लागला. "मी सांगितलं," राजेश्री जेवता जेवता म्हणाली, "की माझे वडील अर्जनवीस हायेत. त्यांच्या टेबलापाशी बसून शब्दाला शब्द कसा जोडायचा ते शिकले. त्यातल्या एक मॅडम लय वेळ तुमच्याबद्दलच विचारत होत्या, आबा."

बन्सीधररावांचा घास हातातच राहिला. पण त्यांना धोक्याचा वास आला नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांना फक्त लाज वाटली, की आपण स्वतःला मारून टाकलं आणि पोरीनं आपलं नाव अभिमानानं घेतलं. साहेब लोक एवढं कुठं ताडून बघतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि भात मागून घेतला.

निवड झाली. पत्रात लिहिलं होतं, कागदपत्रांच्या तपासणीस अधीन. ती ओळ राजेश्रीनं वाचली आणि निश्चिंत राहिली, कारण तिची कागदपत्रं स्वच्छ होती. बन्सीधररावांनी तहसील कचेरीत शिपायापासून नायब तहसीलदारांपर्यंत पेढे वाटले. विमलाबाईंनी गादीची खोळ उसवून नवी शिवायला घेतली, पोरीबरोबर द्यायला.

तपासणीच्या वेळी कुणीतरी तिची फाइल पहिल्या पानापासून लावली, आणि टोपलीतलं ते पाकीट तिच्या फाइलला जोडलं गेलं.

मेल सकाळी आली. सोबत त्या जाड कागदाची प्रत होती. फर्मनं सरळ विचारलं होतं, की आपल्या फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत वडील हयात आहेत, आणि आपल्या सहीच्या या निवेदनात ते मयत आहेत. बहिणींचा उल्लेख फॉर्ममध्ये नाही. दोन दिवसांत खुलासा करावा.

राजेश्रीला कागद उघडायच्या आधीच अक्षर ओळखू आलं. बन्सीधरराव गाडीसाठी चप्पल घालत होते. तिनं लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे, आबा?"

त्यांनी पाहिलं. चप्पल अर्धी घातलेली तशीच राहिली. आतून विमलाबाई आल्या आणि त्यांनी तो कागद पहिल्या शब्दापासून वाचला. त्या कमी शिकलेल्या, पण नवऱ्याचं अक्षर त्यांना छापल्यासारखं वाचता यायचं. मयत या शब्दापाशी त्या थांबल्या.

"माझं कुंकू पुसलंत तुमी," त्या म्हणाल्या. "आणि पोस्टानं पाठवलंत."

आणि त्या आत गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्या नवऱ्याला ताट वाढायच्या, पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं बन्सीधरराव एकदा त्यांच्या पाठीमागं पुटपुटले, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

गाडी चुकली. बत्तीस वर्षांत आजारपण सोडून पहिल्यांदा कडुनिंबाखालचं टेबल रिकामं राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. पहिला धक्का ओसरल्यावर बन्सीधररावांनी उपाय सुचवला तोही मिठाचाच.

"असं लिही, की गावातल्या कुणीतरी खोडसाळपणा केलाय. भावकी जळायलीय म्हणावं. आपल्याला यातलं काही माहीत नाही."

"मला खरंच माहीत न्हवतं, आबा." राजेश्रीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "पण भावकीनं न्हाई केलं. तुमी केलं. मी केलं म्हणले तर मी खोटारडी ठरते. तुमी केलं म्हणले तर माझी खोटी सही केली म्हणून तुमच्यावर येतंय, आणि ते सगळे वकील हायेत. तिसरं काही उरलंच न्हाई."

बन्सीधरराव भिंतीला टेकले. मग म्हणाले, "माझ्यावर येऊ दे. मीच लिहून देतो."

आणि ते लिहायला बसले. तुम्हाला वाटेल, हजारो अर्ज लिहिलेला माणूस, घटकाभरात लिहून मोकळा होईल. पण दुपार टळली तरी कागद होईना. या अर्जात 'मी' म्हणजे खरोखरच मी, आणि त्या माणसाच्या वतीनं बन्सीधररावांनी कधी काही मागितलं नव्हतं. दोन ओळी झाल्या की हात आपोआप मीठ टाकायचा. 'मी वयोवृद्ध व आजारी असून' असं लिहिलं, तर राजेश्रीनं वरून बोट ठेवलं.

"तुमी आजारी न्हाईत."

त्यांनी कागद फाडला. पुढच्यात लिहिलं, 'मानसिक संतुलन बिघडल्याने'. तिनं पुन्हा बोट ठेवलं. असे अकरा कागद फाटले. संध्याकाळी जे उरलं ते सहा ओळींचं होतं. मी बन्सीधर, राजेश्रीचा बाप, हयात आहे. अर्जात दुःख वाढवून लिहिण्याची माझ्या धंद्यात रीत आहे. त्या सवयीने मी मुलीच्या नावाने खोटा मजकूर लिहिला आणि तिची सही केली. तिला यातले काही माहीत नव्हते. तिची आई डोळस आहे आणि तिला बहिणी नाहीत. माझ्या चुकीची शिक्षा मुलीला होऊ नये.

इतका सरळ मजकूर त्यांच्या हातून आयुष्यात उतरला नव्हता. सही करताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. राजेश्रीनं कागदाचा फोटो काढून आपल्या खुलाशासोबत पाठवून दिला. त्या रात्री बन्सीधररावांना झोप लागली, कारण आता खरं लिहिलंय म्हटल्यावर चार दिवसांत सगळं सुरळीत होईल, अशी त्यांची समजूत होती.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलाखतीत ज्या मॅडमनी अर्जनवीस बापाबद्दल विचारलं होतं, त्याच होत्या, मैथिली त्यांचं नाव. मेल नंतर येईलच, पण मी स्वतः बोलावं असं वाटलं, म्हणाल्या. राजेश्रीनं फोन स्पीकरवर टाकला, कारण हे बापानं ऐकावं असं तिला वाटलं. दया म्हणून की शिक्षा म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"राजेश्री, तुला काही माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या निवड समितीनं दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. अक्षर एकच. पहिलं पत्र वाचून आमच्या ऑफिसातल्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसरं वाचूनही आलं. समितीचा प्रश्न एवढाच आहे, की यातलं कुठलं खरं धरायचं? मला उत्तर देता आलं नाही. सॉरी."

फोन बंद झाला. बन्सीधरराव ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. ते काहीतरी बोलायला गेले, पण राजेश्री उठून आत गेली होती, आणि आतून विमलाबाईंनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. जाणार कुठं? पेढे खाल्लेला प्रत्येक माणूस विचारायचा, पोर कधी जायलीय पुण्याला. आठ दिवस ते सांगत राहिले, की तारीख पुढं गेलीय. नवव्या दिवशी नायब तहसीलदारांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्यामुळं गेली नोकरी." नायबसाहेबांना वाटलं, म्हातारा विनय करायलाय, आणि ते हसून पुढं गेले. खरं बोललं तरी कुणी खरं धरत नाही, हे बन्सीधररावांना त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

बायनाबाई एकदा सुनेच्या अर्जासाठी आली. बन्सीधररावांनी जे होतं तेच लिहिलं. वाचून दाखवल्यावर म्हातारी हिरमुसली. "यवढंच व्हय?" म्हणाली, आणि थोडा वेळ घुटमळून तो कागद घेऊन पलीकडच्या टेबलाकडं गेली. तिथल्या माणसाला मीठ टाकता येत होतं, फक्त अक्षर बरं नव्हतं.

राजेश्रीचा पंचविसावा वाढदिवस यायला महिना उरला होता. तिनं अजून एका फर्मचा फॉर्म उघडला. मुंबईची, बऱ्यापैकी. ओसरीवर संध्याकाळचं ऊन होतं, लाईट होती, नेटही चालत होतं. तिनं कॉलेजपाशी 'इतर' निवडलं आणि खाली खाली जात राहिली. मग थांबली. नंतर मोठ्यानं वाचलं, बापाला मराठीत समजेल असं.

"यापूर्वी कुठल्या फर्मनं चुकीच्या माहितीच्या कारणावरून तुमची निवड रद्द केली आहे का? होय किंवा नाही."

बन्सीधरराव पायरीवर बसले होते. नाही लिही, कुणाला कळतंय, हे शब्द जिभेवर आले, अगदी दातांपर्यंत आले. दारात विमलाबाई उभ्या होत्या आणि त्या नवऱ्याच्या तोंडाकडंच बघत होत्या. बन्सीधररावांनी ते शब्द गिळले.

राजेश्रीनं 'होय' वर खूण केली. खाली एक रिकामा चौकोन उघडला. तपशील द्या, शंभर शब्द. असा चौकोन आता प्रत्येक फॉर्ममध्ये उघडणार होता, हे तिघांनाही कळलं. तिनं बोटं कळांवर ठेवली, आणि पुन्हा उचलली. मग तिनं लॅपटॉप थोडा बापाकडं वळवला.

"सांगा, आबा. तुमी सांगा, मी लिहिते."

बन्सीधररावांनी घसा साफ केला. गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा त्यांचा तो जुना, ठाशीव आवाज कुठून तरी आला.

"लिही," ते म्हणाले. "माझे वडील हयात आहेत."

राजेश्रीनं तेवढं लिहिलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघत थांबली. पुढचं वाक्य त्यांना सुचेना.